बुजवलेली खिडकी

सायपिन उंचीनं माझ्या खांद्याला लागते, पण आमच्या गल्लीत तिला वचकून नसलेला माणूस सापडायचा नाही. माझा कालवं तळायचा तवा कित्येक वर्षं तिच्या दारासमोर होता. एका सकाळी ती आली आणि म्हणाली, "पी वान, तवा त्या टोकाला न्या. धूर आत येतो."

"आणि गिऱ्हाइकं?"

"गिऱ्हाइकांना पाय आहेत. माझ्या पोला फुप्फुसं नाहीत."

मी तवा उचलून त्या टोकाला नेला. थोरल्या बहिणीसारखं 'पी' म्हणून हाक मारायची आणि हुकूम मात्र सासूसारखा सोडायचा, ही तिची रीतच आहे.

तिचा पो, म्हणजे बाप, गल्लीचा लुंग हेंग. लुंग म्हणजे काका. समुद्रकाठच्या आमच्या आंग सिला गावातल्या दगडी खलांचं एवढं नाव, त्यातले चांगले खल याच माणसाच्या हातचे. घराच्या मागच्या आवारात बसून जन्मभर छिन्नीनं कोरडा दगड टोकरला. ती धूळ छातीत बसली ती बसलीच. आता पलंगावरून उठणं नाही. नाकात ऑक्सिजनची नळी, आणि एका श्वासात जेमतेम दोन शब्द. म्हणून सायपिननं त्यांच्या उशाशी तळहाताएवढा खल ठेवला होता. बत्त्याचा एक ठोका म्हणजे पाणी, दोन म्हणजे कूस बदल. ठोके थांबलेच नाहीत, तर म्हातारा चिडलाय असं समजायचं.

पलंग विहारातून उसना आणलेला, दांडा फिरवला की डोक्याकडची बाजू उचलणारा. सायपिन त्यांना उशांना टेकवून बसतं ठेवायची. टाचांखाली मऊ कापड, पाठीला खोबरेल. तांदळाची पेज एक चमचा द्यायची आणि दम परत येईपर्यंत दुसरा चमचा हातात धरून बसायची. प्रश्नही असे विचारायची की मानेनं उत्तर देता यावं. बोलण्याचं सगळं काम तिनंच अंगावर घेतलं होतं, आणि त्यात तिला कधी कष्ट पडले नाहीत.

उन्हाळा लागला तसे गुदमरण्याचे झटके वाढले. खोली मागची, वर पत्रा, आणि उघडं काय ते पूर्वेचं दार. पंखा होता, पण तो तीच कोमट हवा घुसळायचा. आरोग्य केंद्रातली नर्स आली, तिनं छाती तपासली.

"औषधं बरोबर चालू आहेत. पण यांच्या तोंडावर मोकळा वारा यायला हवा. त्यानं दम लागल्याची घाबरगुंडी कमी होते. पलंग फिरवा, तोंड दाराकडे करा. तरी असंच चाललं तर मला यांना हॉस्पिटलात न्यावं लागेल."

हॉस्पिटल म्हटल्यावर लुंगनी बत्ता घट्ट धरला. मागच्या खेपेला तिथून परतल्यावर त्यांनी लेकीकडून वचन घेतलं होतं, जे व्हायचं ते घरात होऊ दे.

आम्ही दोघींनी पलंग फिरवला. झालं, खलावर ठोक्यांचा पाऊस! नळीसुद्धा ओढून काढली.

"डोकं... पश्चिमेला," लुंग धापा टाकत म्हणाले. "मेलेल्याचं... असतं. मी... अजून आहे."

आता आमच्यात हे लहान पोरालाही ठाऊक. पश्चिमेकडे डोकं करून प्रेत ठेवतात. नर्स बिचारी वाऱ्याच्या नादात विसरली, आणि आम्हीही. पलंग पुन्हा होता तसा झाला. डोकं पूर्वेला, तोंडासमोर कोरी भिंत.

सायपिन त्या भिंतीकडे बघत उभी राहिली. "इथं खिडकी होती," ती मला म्हणाली. "मी लहानपणी दिवसभर तिच्यात उभी राहून पोशी गप्पा मारायची. ते पलीकडे आवारात खल घडवायचे. एक दिवस विटा आणून बुजवून टाकली. मला टाळायला अख्खी भिंत बांधली या माणसानं!"

हे ती हसून म्हणाली, पण मी तिला ओळखते. ते अजून सलत होतं.

"खिडकी परत उघडायची," ती म्हणाली.

"अगं, आणि धूळ? वारा आणायला जाशील आणि बापाला मारशील!"

गवंडी आला तो विजेचं कटर घेऊनच. "तासाभरात उडवतो," म्हणाला. सायपिननं त्याला दारातूनच परत पाठवला, आणि ज्या शब्दांत पाठवला ते मी इथं सांगणार नाही. मग ती बापापुढं जाऊन बसली.

"पो, धूळ न उडवता भिंत कशी फोडायची?"

म्हाताऱ्याच्या डोळ्यांत कितीतरी दिवसांनी जीव आला. "बाहेरून फोड," ते म्हणाले. मग दम घेतला. "विटांचा सांधा... आधी. ओला. सारखा... ओला."

दुसऱ्या दिवशी सकाळी पलंग पुढच्या खोलीत ढकलला, मधलं दार लावलं, फटीत ओली फडकी कोंबली. मागच्या खोलीतल्या भिंतीवर आतल्या बाजूला भिजवलेली पोती टांगली. सायपिन आवारातून बापाचीच छिन्नी चालवायला लागली, आणि पाणी ओतायला मी. माझा धंदा बंद, कंबर मोडायची वेळ, आणि वर ही ओरडते, "पी वान, ओता! आमटीत मीठ घालताय का?"

मध्येच पुढच्या खोलीतून ठोके सुरू झाले. मी घाबरून धावले. लुंग ठीक होते. छिन्नीच्या आवाजाकडे कान लावून पडले होते.

"कोरडी... वाजतेय," ते म्हणाले.

मी मागं आले तर खरंच बादली रिकामी. मग दिवसभर हेच. छिन्नी कोरडी वाजली की आतून ठोके, की मी बादली घेऊन पळतेय.

दुपारी पेज भरवताना सायपिननं विचारलंच, "एवढं कळतं, तर खल घडवताना तुम्ही स्वतः का नाही ओतलंत दगडावर पाणी?"

"ओल्या दगडावर... आखलेलं... पुसतं."

सायपिननं पेजेचा पुढचा चमचा भरला. मला मात्र रडू आलं. एका आखलेल्या रेघेसाठी माणसानं छाती घालवली.

संध्याकाळपर्यंत भगदाड पडलं. जमीन दोनदा पुसली, सगळं निथळू दिलं, मग पलंग आत आणला. समुद्रावरून वारा आला, चिखलाचा आणि कालवांचा वास घेऊन, थेट त्यांच्या तोंडावर. लुंगनी डोळे मिटले. श्वासागणिक ताणल्या जाणाऱ्या मानेच्या शिरा हळूहळू सैलावल्या. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "तू... खोकायचीस."

"कधी?"

"इथं उभी... असायचीस. माझी धूळ... तुझ्या नाकात."

सायपिन पलंगाच्या कडेवर बसली. "म्हणून बुजवलीत? मला वाटायचं, माझ्या बडबडीला कंटाळलात."

त्यांनी मान हलवली, नाही म्हणून. "बडबड... आवडायची."

ही बाई कधी गप्प झालेली मी पाहिली नव्हती, ती झाली. उठली आणि विटा आवरायला म्हणून मागच्या आवारात गेली. विटा तशाच राहिल्या. खिडकीच्या ओबडधोबड कडेवर बाहेरून कोपरं टेकून ती उभी राहिली. डोळे पुसले आणि सुरू झाली, "पो, या पी वानचं ऐका. एवढंसं पाणी ओतलं तर दिवसभर कण्हतायत..."

मी आतून दोन शिव्या हासडल्या. ती हसता हसता थांबली, तसा खलावर एक ठोका पडला.

"पाणी हवंय?" तिनं विचारलं.

लुंगनी मान हलवली, नाही. आणि पुन्हा एक ठोका दिला.

"अगं, बोल पुढं," मी म्हणाले.