मैद्याची सपाट वाटी

मैद्याची वाटी मी स्टीलच्या पट्टीनं सपाट केली, काट्यावर ठेवली आणि वहीत लिहिलं: नव्वद ग्रॅम. चूक एवढीच.

अंबडच्या एका कारखान्यात पंचवीस वर्षं मी सुट्या भागांची मापं तपासली. केसाएवढा फरक दिसला तरी माल परत पाठवायचो. असा माणूस घरी रिकामा बसला की काय होतं, ते आमच्या स्वयंपाकघराला विचारा. बायको नानकटाई करून विकायची. तिचं सगळं माप एका वाटीत, तीही पोचे आलेली.

"अगं, गिऱ्हाईक वाढलं तर वाटीवर कसं भागणार? वजनात हवं सगळं," मी म्हणालो.

"माझं कधी बिघडलंय का?"

हे काही उत्तर झालं? ती भाजीला गेल्यावर मी मैदा, बेसन, पिठीसाखर, तूप, एकेक वाटी भरून वजन केलं. तक्ता छापून, लॅमिनेट करून ओट्यावरच्या टाइल्सना चिकटवला. तिनं येऊन तो वाचला आणि त्याच्यावर हात पुसायचं फडकं टांगलं.

मग तिला पहिली मोठी ऑर्डर मिळाली. कॉलेज रोडला साखरपुडा होता, दहा किलो हवी होती. आदल्याच दिवशी निफाडहून फोन आला. सासूबाईंनी अंथरूण धरलं होतं, लेकीला बोलावत होत्या.

"ऑर्डरला नाही म्हणून कळवते," बायको म्हणाली.

"कशाला? तक्ता आहे, मी आहे. चार दिवस निवांत राहा आईजवळ." वर सासूबाईंनाही फोनवर सांगितलं, "लेकीला ठेवून घ्या, इकडचं मी बघतो." त्या अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, "असा जावई मिळायला नशीब लागतं." मला ते लगेच पटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला ट्रे बाहेर काढला तर सगळ्या नानकटाया एकमेकींत वाहून त्यांची एकच भाकरी झालेली. दुसऱ्या वेळी पीठ फ्रीजमध्ये गार करून लावलं. तीही भाकरीच, फक्त जरा जाड. शेवटी फोन केला.

"मैदा किती घातलात?"

"तक्त्याप्रमाणे."

 "येते," ती म्हणाली.

दुपारी ती आली. पर्ससुद्धा खाली न ठेवता तिनं वाटी मैद्यात बुडवली आणि वर ढीग राहील अशी शिगोशीग भरून माझ्यापुढे धरली. मी काट्यावर ठेवली. एकशे अठरा ग्रॅम. साखरेची वाटी मात्र तिनं बोटानं सपाट केली.

"मैद्याला शीग असते, हे सांगायचं नाहीस?"

"चोवीस वर्षं याच ओट्यापाशी उभं राहून चहा मागताय. दिसलं नाही कधी?"

संध्याकाळपर्यंत दहा किलो तयार झाली. मी डबे भरले आणि ते मापात भरले. न्यायला आलेल्या बाईंनी एक तोंडात टाकून "वा!" म्हटलं.

सकाळच्या पहिल्या बसनं ती परत निफाडला गेली. तोवर सासूबाईंची वाचा गेली होती. चौथ्या दिवशी त्या गेल्या.

तेरावं उरकून बायको घरी आली. मधल्या दिवसांत मी जुना तक्ता काढून नवा लावला होता, मैद्यापुढे एकशे अठरा असलेला. काय सुचलं कोण जाणे, मी तो तिला दाखवला. खालच्या कोपऱ्यात 'सुधारित' असंही छापलं होतं. तिनं तो सगळा वाचला. नंतर फडकं घेऊन कोरडाच असलेला ओटा पुसत राहिली.

"त्या दिवशी निघाले तेव्हा आई हात सोडत नव्हती," ती म्हणाली. "म्हणत होती, जावई बघतायत ना सगळं, मग तू कशाला जातेस?"