सकाळची बाटली आणि आम्ही तिघी

मूल वर्षाचं झालं की घरात धुण्याचे कपडे आणि किस्से, दोन्ही एकाच वेगाने वाढतात. कपडे निदान मशीनमध्ये टाकता येतात. किस्से कुठे टाकणार? ते मग संध्याकाळी बिल्डिंगखालच्या बाकावर बसून एकमेकींच्या अंगावर टाकायचे!

आम्ही तिघी. विक्रोळीत, एकाच बिल्डिंगमध्ये. मी सायली. माझ्या समोरच्या दारात स्नेहल, आणि दोन मजले खाली वैशाली. माझा कबीर, स्नेहलची ओवी आणि वैशालीची संबोधी, तिघंही दीड वर्षाच्या आसपासची. आता आम्ही हे सगळं सांगताना हसतो. पण ज्या महिन्यांत हे चाललं होतं, तेव्हा सकाळ उजाडूच नये असं मला वाटायचं. कारण सकाळ म्हणजे नाश्ता!

* * *

सुरुवात डॉक्टरांकडे झाली. कबीरला साधी सर्दी झाली होती. डॉक्टर मॅडमनी त्याची छाती तपासली, मग पापणी खाली ओढून आतून बघितली, नखं बघितली आणि विचारलं, "सकाळी काय खातो हा?"

"दूध," मी म्हटलं.

"कशातून?"

"बाटलीतून."

"दुपारी?"

"वरणभात. म्हणजे... दोन घास. मग दूध."

"आणि संध्याकाळी?"

मी माझ्या नवऱ्याकडे, निलेशकडे बघितलं. निलेशने भिंतीवरच्या लसीकरणाच्या पोस्टरकडे बघितलं.

"दात किती आलेत?" मॅडमनी विचारलं.

"भरपूर!" निलेश एकदम खूश. एका तरी प्रश्नाचं उत्तर आलं!

"मग ते काय फोटोसाठी आलेत?"

मी हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी रक्त तपासायला सांगितलं. रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन चांगलंच कमी निघालं. "दुधाने याचं पोट भरतंय, रक्त नाही भरत," त्या म्हणाल्या. "औषध मी देते. पण सकाळची बाटली बंद. उठल्यावर आधी खाणं, मग कपातून थोडं दूध."

रिक्षात मी सारखा त्याचा तळहात उघडून माझ्या तळहाताशेजारी धरत होते. इतका पांढरा होता आणि मला दिसला कसा नाही? आपलं बाळ गोरं आहे म्हणून मी सगळीकडे कौतुक सांगत फिरत होते!

* * *

संध्याकाळी बाकावर मी हे सांगितलं आणि स्नेहलचा चेहराच उतरला. "यार, ओवी पण बाटलीशिवाय डोळे उघडत नाही." वैशाली म्हणाली, "मग तिघी एकदमच बंद करू. एकीचं रडलं तर दुसऱ्या दोघी धीर देतील."

धीर द्यायला कोणी शिल्लक राहील, असं तिला तेव्हा वाटत होतं.

पहिल्या रविवारी निलेश म्हणाला, "तू बाजूला हो. मी करतो." त्याने मोबाईलवर लहान मुलांच्या नाश्त्याचे शंभरेक रील बघितले होते. केळं कुस्करून, नाचणीचं पीठ आणि अंडं घालून त्याने तव्यावर पॅनकेक टाकला. साधा नाही, अस्वलाचा! दोन कान, बेदाण्याचे डोळे. खरंच झकास झाला होता.

कबीरने अस्वल बघितलं. चेहरा फुलला. "भूभू!"

"बघ," निलेश मला म्हणाला, "प्रेझेंटेशन लागतं!"

कबीरने अस्वलाचा पापा घेतला. नॅपकिन ओढला आणि त्याच्या अंगावर घातला. "भूभू जोजो," असं म्हणून थोपटायला लागला.

थोपटणं काही थांबेना. शेवटी निलेशने हळूच नॅपकिन सरकवला आणि एक कान तोडून त्याच्या तोंडाजवळ नेला.

कबीरने जी किंकाळी फोडली! दाराची बेल वाजली. समोरून स्नेहल धावत आली होती, हातात झारा तसाच.

"काय झालं? पडला का?"

"नाही," मी म्हटलं, "नाश्ता चाललाय."

* * *

मग कणकवलीजवळच्या गावाहून माझ्या सासूबाई आल्या. येताना घावण्यांसाठी घरचं तांदळाचं पीठ घेऊन आल्या. मी कबीरच्या मागे वाटी घेऊन हॉलभर पळताना त्यांनी बघितलं आणि म्हणाल्या, "गो सायली, भूक लागली काय खातलो तो. तेच्या मागसून कित्याक धावतंस?"

त्यांचं बरोबर असेलही. पण रिपोर्ट माझ्या उशाशी होता, त्यांच्या नाही.

एक दिवस मी आंघोळ करून बाहेर आले तर सिंकमध्ये बाटली! तळाला दुधाचा फेस. माझं डोकंच फिरलं. इतके दिवस रडारड सोसून सकाळची बाटली सोडवली आणि ही अशी पाठीमागून? घावणे घालणाऱ्या सासूबाईंच्या पुढ्यात मी बाटली नेऊन ठेवली. ठेवताना आवाज जरा मोठाच झाला.

त्यांनी घावणा उलटला. बाटलीकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. "माझ्याकडे काय बगतंस? तुझ्या घोवाक इचार!"

माझा घोव बेडरूमच्या पडद्यामागे कबीरला कडेवर घेऊन उभा होता. दोघांच्याही चेहऱ्यावर सारखाच भाव. आणि एकाच्याच ओठांवर दुधाची मिशी.

"सकाळचा कॉल होता गं," निलेश म्हणाला. "क्लायंट ऐकत होता. हा रडायला लागला, मी काय करणार?"

"मग क्लायंटला द्यायची बाटली!"

सासूबाई इतक्या हसल्या की तो घावणा करपला. मला मात्र त्या दिवशी ऑफिसमध्ये काही सुचलं नाही. आपल्यामुळे मुलगा उपाशी राहतोय, की आपल्यामुळे तो आजारी पडलाय, हेच कळत नव्हतं.

* * *

स्नेहलने वेगळा मार्ग काढला होता. तिने ओवीला सांगितलं, "बाटली काऊने नेली." झालं, संपलं! आम्हाला म्हणाली, "तुम्ही उगाच ताण घेता. मुलांना एक गोष्ट सांगायची, विषय क्लोज."

विषय क्लोज झाला नाही. ओवी रोज उठल्या उठल्या किचनच्या खिडकीशी उभी राहायला लागली. ग्रिलवर कावळा आला की गाल फुगवून ओरडायची, "काऊ, बाटी दे!" कावळा देणार कुठून! मग ओवीने सौदा सुरू केला. ताटलीतला उपमा मुठीत घेऊन ग्रिलमधून बाहेर ठेवायची. "घे. बाटी दे." इडली ठेवली. उकडलेलं रताळं ठेवलं. स्नेहल पहाटे उठून जे जे करायची ते सगळं कावळ्याला. एक कावळा होता, त्याचे चार झाले.

"माझी पोरगी वाळतेय आणि कावळे गुबगुबीत होतायत," स्नेहल मला दारात म्हणाली. हसत म्हणाली, पण डोळे भरले होते. "सरळ बाटली देऊन टाकू का गं?"

तेवढ्यात लिफ्टमधून सोसायटीचे सेक्रेटरी काका बाहेर आले. "मॅडम, तक्रार आलीय. पक्ष्यांना खायला घालता. खालच्यांच्या कपड्यांवर घाण पडते."

स्नेहल काही बोलायच्या आत तिच्या पायांमधून ओवी पुढे आली. काकांना वरपासून खालपर्यंत बघितलं. काकांच्या अंगात काळा कोट होता, ते कोर्टात निघाले होते.

तिने हात पुढे केला. "बाटी दे!"

* * *

वैशालीचा किस्सा ती स्वतः सांगत नाही. मीच सांगते.

तिचे सासरे वाशीमकडून आले होते. शांत माणूस. नातीला मांडीवर घेतलं की जगात दुसरं काही नको. संबोधी त्यांच्या लाडाने खायला लागली होती. आमच्या तिन्ही मुलांत तीच पहिली. त्या सकाळी आजोबांनी आपल्या ताटलीतले पोहे तिला भरवले. घासात अख्खा शेंगदाणा होता.

मी तेव्हा वैशालीकडे कोथिंबीर मागायला गेले होते. आधी खोकला ऐकू आला. मग खोकला थांबला, आणि तेच भयंकर होतं. संबोधीचं तोंड उघडं, आवाज नाही, चेहऱ्याचा रंग बदलत चाललेला. मी जागच्या जागी गोठले. वैशालीने तिला ओढून घेतलं, स्वतःच्या मांडीवर पालथं केलं, डोकं खाली, आणि पाठीवर तळहाताने मारायला लागली. एक. दोन. मी फोन काढला, पण कुठला नंबर लावायचा तेच आठवेना. अजून एक जोरात, आणि दाणा फरशीवर टप्पकन पडला.

मग संबोधीने असं भोकाड पसरलं! इतकं गोड रडणं मी आयुष्यात ऐकलं नव्हतं.

डॉक्टरांकडे नेऊन आणलं. ठीक होती. पण आजोबा खुर्चीतून उतरून जमिनीवर बसले होते ते उठेनात. "माह्या हातानं देला वो मी," एवढंच म्हणत होते. वैशाली त्यांना बोलेल असं मला वाटलं. ती त्यांच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "बाबा, मला पण नव्हतं सुचलं. आता आपण दोघं कूट करून घालू."

पुढचे कित्येक दिवस वैशाली प्रत्येक घास बोटांत चिरडून बघायची. केळं सुद्धा! आणि आजोबा? त्यांच्या ताटलीत पोहे वाढले की आधी सगळे दाणे वेचून बाजूला काढायचे. आम्ही म्हटलं, "आजोबा, तुम्ही खा की. तुम्हाला काय झालंय?"

तर संबोधीकडे बघत म्हणाले, "ते पाहून राह्यली ना."

* * *

वजनाचा मला नादच लागला होता. डॉक्टरांकडे रोज कसं जाणार? म्हणून एका सकाळी कबीरला घेऊन मी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात गेले. दुकानदार शेठ ओळखीचे. तांदळाची गोणी ठेवायचा त्यांचा मोठा काटा आहे. मी म्हटलं, "शेठ, याला जरा बसवू का?"

"बसवा ना, काय पण!"

कबीरला काट्यावर बसवलं. आकडे हलायला लागले. मी श्वास रोखून उभी. मागे साबण घ्यायला आलेल्या दोन बायकाही श्वास रोखून उभ्या. आकडा थांबला. मागच्या वेळेपेक्षा थोडा जास्त! थोडाच, पण जास्त! मला रडूच आलं.

शेठनी आकडा वाचला, पेन कानामागून काढलं आणि सवयीने विचारलं, "पिशवी आणलीय?"

* * *

दुसरा रिपोर्ट आधीपेक्षा बरा आला. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "चालू ठेवा." पेढे वाटायचे तेवढे बाकी होते.

आणि त्याच आठवड्यात कबीरच्या दाढा यायला लागल्या, ताप आला, आणि त्याने पुन्हा तोंड बंद केलं. ताप उतरला तरी तोंड उघडेना. पेज नाही, शिरा नाही, घावणा नाही. सासूबाई गावी गेलेल्या, निलेश ऑफिसला. मी सुट्टी टाकून घरी. वाटलं, लागली वाट. सगळं पुन्हा पहिल्यापासून.

मी मुगाच्या डाळीचं धिरडं केलं. पालक घातला, तूप सोडलं, गार केलं, बारीक तुकडे केले. त्याला समोर बसवून सुरू झाले, "हा एक घास. फक्त एक. हा शेवटचा हं, मग नाही." त्याने मान फिरवली. "बरं, हा शेवटचा." त्याने हाताने उडवला. "कबीर, आता खरंच शेवटचा." त्याने तोंडात गेलेला तुकडा जिभेने बाहेर ढकलला आणि तो हळूहळू हनुवटीवरून खाली आला.

माझ्यातलं काहीतरी संपलं. मी ओरडले नाही. त्याला खुर्चीतून खाली उतरवलं, ताटली घेतली आणि किचनच्या फरशीवर ओट्याला टेकून बसले. सकाळपासून माझ्याही पोटात काही नव्हतं. मी ते गार धिरडं खायला लागले. रडत होते आणि खात होते. त्याच्याकडे बघत नव्हते.

तो आला. थोडा वेळ समोर उभा राहिला. मग बसला, मांडी घालून, अगदी माझ्यासारखा. त्याने माझ्या गालाला बोट लावलं, ओलं बोट बघितलं. मग ताटलीतला एक तुकडा उचलला आणि माझ्या तोंडाशी आणला.

"आ."

मी आ केला. त्याने तुकडा आत कोंबला आणि मी चावते का ते वाकून बघितलं. मी चावला. गिळला. त्याने टाळी वाजवली.

दुसरा तुकडा. "आ."

डोळे पुसायला म्हणून मी मान फिरवली. त्याने माझी हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं. चेहरा गंभीर.

"शेव्वटचा हं," कबीर म्हणाला.

मी तोंड उघडलं. त्याने घास भरवला, बोटं चाटली, ताटलीतला पुढचा तुकडा स्वतःच्या तोंडात टाकला आणि लगेच अजून एक उचलून माझ्यापुढे धरला.

"शेव्वटचा."

ताटलीत अजून अर्धं धिरडं होतं.