आत्यांचा दसरा

सण जवळ आला की आत्यांपुढे रजेसाठी रांग लागायची. गंमत म्हणजे त्यांच्या हाताखाली पगारी माणूस एकही नव्हता. लातूरच्या सरकारी दवाखान्याच्या फाटकाजवळ रुग्णांच्या नातेवाइकांसाठी आमचं मोफत खिचडीचं केंद्र होतं, आणि आम्ही सगळ्या आपल्या हौसेनं येणाऱ्या बायका. प्रत्येकीला एकेक वार वाटून दिलेला. सण मात्र कुणाच्याच वारात बसत नसे. "आत्या, नणंद येणार आहे हो…" असं कुणी सुरू केलं की वाक्य पुरं व्हायच्या आत आत्या म्हणायच्या, "मंजूर. जा." जिल्हा परिषदेत वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या रजेचे अर्ज पुढं सरकवलेली ही कंधारकडची बाई. निवृत्त झाल्यावर मंजुरीचा अधिकार त्यांनी स्वतःकडंच घेतला होता. सणाला चुलीपाशी त्या एकट्या असायच्या.

मी शाळेत शिकवायची आणि गुरुवारी संध्याकाळी केंद्रावर जायची. माझी खिचडी हमखास बुडाला लागायची. आत्या चव घ्यायच्या आणि म्हणायच्या, "जळकी हाय, पण गरम हाय." एवढ्या कौतुकावर मी कितीतरी वर्षं तिथं टिकले.

केंद्र सुरू झालं ते भूकंपाच्या वर्षी. किल्लारीकडची जखमी माणसं लातूरच्या दवाखान्यात आणलेली आणि त्यांचे नातलग फाटकाबाहेर बसलेले. सुरुवातीला गावोगावहून इतकं अन्न आलं की ठेवायला जागा पुरेना. मग दसरा आला. स्वयंपाक करणाऱ्या बायका आपापल्या दाराला तोरणं लावायला गेल्या आणि चूल पेटलीच नाही. आत्या तेव्हा नोकरीत होत्या. पांढरी साडी नेसून वंदनेला विहारात निघालेल्या. वाटेत पाहतात तर एक म्हातारा रिकामी ताटली मांडीवर घेऊन बसलेला. "आज उशीर झाला जनू," तो म्हणाला. आत्यांनी पदर खोचला तो कायमचाच. हे सांगताना त्या दर वेळी नव्यानं चिडायच्या. "ज्याचं घरच भुईत गेलं त्याला तुम्ही सांगता, सणाला बंद हाय! त्यानं सणाला जावं कुठं?"

पुढं लातुरात क्लासचं पेव फुटलं. नायगाव, लोहा, कुठकुठची पोरं डॉक्टर व्हायला आली आणि खोल्या करून राहू लागली. रविवारी रात्री आणि सणावारी मेस बंद. मग ही पोरं रिकामे डबे पाठीमागं लपवत आमच्या रांगेच्या आसपास घुटमळायची. "हे पेशंटवाल्यांसाठी आहे," असं आमच्यातल्या एकीनं एका मुलीला सुनावलं. आत्यांनी त्या बाईला कांदे चिरायला बसवलं आणि पोरीचा डबा स्वतः भरला. "डॉक्टर व्हायला आलीस न्हवं? मग आधी जेव. लाजून राहिलीस कशाला?"

असाच एकदा दसरा तोंडावर आला होता. बोलता बोलता एक जण म्हणून गेली, "आत्या, तुम्ही आहातच की. तुम्हाला कुठं दसरा असतो?"

आत्या बौद्ध. तांदूळ निवडताना त्यांचा हात थांबला. "असतो की," त्या म्हणाल्या. "आमचा तर सगळ्यात मोठा सण. त्याच दिवशी नागपुरात धम्म घेतला आमच्या लोकांनी. माझा बाप गेलता. तुला एकदा दीक्षाभूमी दाखवतो म्हणायचा. त्याच्यानं झालं न्हाई, आन् माझंबी ऱ्हाऊनच गेलं."

इतकी वर्षं आम्ही त्यांच्याकडं रजा मागत होतो आणि त्यांच्याच सणाला त्यांना चुलीपाशी बसवत होतो.

पुढच्या दसऱ्याला आत्यांनी नागपूरला जायचंच, असं ठरलं. त्या दिवशी केंद्र सांभाळायचा शब्द तिघींनी दिला. आदल्या दिवशी आत्या नांदेडला भाच्याकडं, राजूकडं गेल्या. रात्री तिथून नागपूरची गाडी होती. मी तेव्हा बाळंतपणाला माहेरी लोह्याला होते, म्हणून पुढचं मला राजूकडून कळलं. संध्याकाळी एकीचा फोन आला. तिच्या सुनेचा पहिला दसरा होता, दुसरीकडं पाहुणे आले होते, आणि तिसरी फोनच उचलत नव्हती. उद्या एक दिवस बंद ठेवू का, एवढंच तिनं विचारलं. आत्या म्हणाल्या, "मंजूर," आणि राजूला म्हणाल्या, "मला लातूरच्या बसमध्ये बसवून दे."

राजू भडकला. "आत्या, एक दिवस न्हाई जेवले तर मरतेत का लोकं?"

"मरत न्हाईत रे. पण वाट बघतेत."

मला त्या तिघींचा आजही राग येतो. वाईट नव्हत्या त्या, चांगल्या घरच्या, चांगल्या मनाच्या होत्या, आणि म्हणूनच तो राग कुठं काढावा ते कळत नाही.

परत आल्यावर मी आत्यांना बजावलं, "येत्या दसऱ्याला कुणी येवो न येवो, मी एकटी उभी राहते. तुम्ही जा." "हाव," म्हणून त्या हसल्या आणि खरंच तयारीला लागल्या. बरोबर खायला दशम्या करायच्या की धपाटे, यावर त्यांनी माझ्याशी वादसुद्धा घातला. पण श्रावणातच त्यांच्या पायांवर सूज चढली. मूत्रपिंडं निकामी झाली होती. दसऱ्याला त्या त्याच दवाखान्यात, बायकांच्या वॉर्डात होत्या. त्या जाणार नाहीत म्हटल्यावर माझं केंद्रावर उभं राहणंही मागं पडलं. सकाळपासून मी आणि राजू त्यांच्या उशाशी बसून होतो. केंद्राला कुलूप होतं.

दुपारकडं त्यांनी डोळे उघडले. "आज दसरा न्हवं?"

"हो, आत्या."

"केंद्र चालू हाय?"

नाही म्हणायला माझी जीभ रेटेना. "चालू आहे," मी म्हणाले.

"रांग मोठी हाय का?"

"लई मोठी." त्यांना बरं वाटावं म्हणून मी सांगितलं.

त्यांनी माझ्या हातातून हात काढून घेतला. "मग तू हितं काय करून राहिलीस?"

मी उठले. कुलूप काढलं, गॅस पेटवला, डाळ-तांदूळ धुतले. खिचडी शिजेपर्यंत फाटकाबाहेरपर्यंत माणसं उभी राहिली होती. निम्म्यांना वाढून झालं असेल, तेवढ्यात राजू समोर येऊन थांबला. त्याला काही सांगावं लागलं नाही. तो आल्या पावली परत गेला. वाढायचा डाव कुणाच्या तरी हातात द्यावा आणि पळत सुटावं म्हणून मी मागं वळले. मागं कुणीच नव्हतं. पुढच्या माणसानं ताटली पुढं केली. मी वाढलं. रांग संपली तेव्हा वॉर्डात गेले.