आर्नहेमच्या भिंतीवरचं पिट्सबर्ग

बाबा नोव्हेंबरात आले, त्यामुळे ट्युलिप दाखवायचे राहिले. पवनचक्क्या दाखवल्या, तर म्हणाले, "साताऱ्याकडे याहून मोठ्या आहेत." अॅमस्टरडॅमला कालव्यातून फिरवलं, तर ते अख्खी फेरी बोटीच्या इंजिनाकडे कान लावून बसले आणि उतरताना म्हणाले, "याचं सर्व्हिसिंग झालेलं नाही." एसटीच्या वर्कशॉपमध्ये आयुष्य घालवलेल्या माणसाला युरोप दाखवायचा असेल, तर आपला उत्साह घरी ठेवून निघावं.

खरं तर ते दोघं मिळून येणार होते. आईबाबांचा व्हिसा लागून पासपोर्ट घरी आले तेव्हा आई आयसीयूत होती, आणि मार्चमध्ये ती गेली. बाबांना मी आठ महिन्यांनी जवळजवळ ओढूनच आणलं. बेस्ट नावाच्या डच गावातल्या आमच्या घरात ते रोज सकाळी खिडकीशी बसून सायकलवरून शाळेत जाणारी मुलं बघायचे, चहा प्यायचे, कप स्वतः विसळून ठेवायचे. तक्रार काहीच नाही, आणि त्याचाच मला राग यायचा.

परत जायला दहाबारा दिवस उरले असताना एका सकाळी चहा पिता पिता ते म्हणाले, "मनीषा, तुझ्या आईचा चेहरा मला आठवेनासा झालाय."

मी म्हटलं, "असं कसं होईल, बाबा?"

"डोळे मिटले की स्टुडिओवाल्याचा तो फोटो येतो. ती येत नाही."

तो फोटो म्हणजे पिंपरीच्या घरात भिंतीवर हार घालून लावलेला. आईच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमासाठी घाईघाईत करून घेतलेला. तिचा एकटीचा स्पष्ट फोटो एकच होता, व्हिसासाठी काढलेला. त्यात हसायचं नाही, दात दिसता कामा नयेत, नजर समोर. "युरोपला जायचं तर तोंड शिवून जायचं की काय?" असं तेव्हा तीच म्हणाली होती. स्टुडिओवाल्याने त्या फोटोतलं डोकं तेवढं उचललं, खाली जांभळी पैठणी नेसवली, गळ्यात मोत्यांचा हार घातला, मागे निळं आकाश सोडलं. वर माझ्या सावळ्या आईला गोरीपान करून टाकलं. पाहुणे "किती छान आलाय फोटो" म्हणाले. आमच्याकडे गेलेल्या माणसाचा फोटो असाच होतो, कुणी हरकत घेत नाही. बाबांनीही तेव्हा घेतली नव्हती. आता तो फोटो त्यांच्या डोक्यात घुसून बसला होता आणि खऱ्या बाईला आत येऊ देत नव्हता.

अशा वेळी मी सहल ठरवते. आर्नहेमला एका जुन्या गोदामात अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहराचे, दोन महायुद्धांच्या मधल्या काळातले फोटो लागले होते, रोजच्या साध्या जगण्याचे. जाहिरातीत ट्राम दिसत होती. शिवाय आर्नहेममध्ये अजून ट्रॉलीबस धावते, डोक्यावरच्या तारांना दांड्या टेकवून. म्हटलं, चला, बाबांना यंत्रं बघायला मिळतील. चेहऱ्यांचा विचार माझ्या डोक्यातही नव्हता.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: बेस्टहून साधी लोकल पकडून डेन बॉशला उतरायचं आणि तिथून आर्नहेमची गाडी घ्यायची. सकाळची गर्दीची वेळ टळल्यावर निघालात तर सवलतीच्या कार्डावर सोबतच्या माणसालाही सूट मिळते. वाटेत मास, वाल आणि ऱ्हाईन अशा तीन नद्या लागतात. तिन्ही नद्या त्या दिवशी शिशासारख्या राखाडी होत्या आणि आभाळही तसंच. काठावरच्या गायींकडे बघत बाबांनी धपाटं आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. समोरच्या मुलीने लसणाच्या वासाने डब्याकडे पाहिलं, तर बाबांनी तिच्यापुढेच डबा धरला. तिने हसून मान हलवली आणि पुन्हा मोबाइलमध्ये तोंड घातलं.

आर्नहेमचं स्टेशन नवं आणि फार ऐटीचं आहे, छताला कुठे सरळ रेषच नाही. बाबांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. बाहेर ट्रॉलीबस उभी होती, तिथे मात्र ते थांबले. ड्रायव्हर तारेवरून निसटलेली दांडी नीट बसवत होता. आठ महिन्यांत पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर कशात तरी लक्ष असल्यासारखं दिसलं. मला बरं वाटलं. दोन मिनिटांनी ते म्हणाले, "तुझ्या आईला दाखवायला पाहिजे होतं," आणि आम्ही गुपचूप बसमध्ये चढलो.

गोदाम नदीपासून जवळ आहे. वारा असा की बोलणं तोंडातच राहतं. तिकीट फार नाही, कोट आणि पिशव्या बाहेर कपाटात ठेवायच्या, आणि आत दिवे मंद असतात, त्यामुळे चष्मा विसरू नका. भिंतींवर मोठमोठे काळेपांढरे फोटो होते. धुराने भरदिवसा अंधारलेला रस्ता आणि त्यात पेटलेले दिवे. टेकडीवर चढत जाणारा लाकडी जिना, त्यावर बादली घेऊन थांबलेली म्हातारी. कारखान्याच्या चिमण्यांसमोर दोरीवर वाळत घातलेल्या चादरी, ज्या वाळेपर्यंत पुन्हा काळ्या होणार हे बघणाऱ्याला कळतंच. ट्रामच्या खिडकीत डोकं टेकून झोपलेला कामगार. फोटोंखाली गल्लीचं किंवा वस्तीचं नाव होतं, माणसाचं एकाचंही नाही. सगळं शहर दमलेलं वाटत होतं. तो धूर आपल्याही नाकात जातोय असं मला वाटायला लागलं.

थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की बाबा प्रत्येक फोटोसमोर हात जोडतायत. म्हातारीला, झोपलेल्या कामगाराला, केस कापून घेणाऱ्या गिऱ्हाइकाला आणि त्याच्या न्हाव्यालाही. मला कानकोंडं झालं. लोक बघायला लागले होते.

"बाबा, हे देवाधर्माचं नाहीये. प्रदर्शन आहे."

"मला कळतं ना. पण भिंतीवर लावलेत म्हणजे गेलेलेच ना सगळे?"

गेलेलेच होते सगळे. त्या दालनात एवढी साधी गोष्ट फक्त त्यांनी ध्यानात घेतली होती. मी मागे राहिले आणि त्यांना हात जोडू दिले.

शेवटच्या खोलीत ते एका फोटोसमोर थांबले आणि तिथून हलेचनात. दाराच्या चौकटीत उभी एक बाई, चाळिशीची असेल, कमरेला मळका एप्रन. कुणीतरी काहीतरी बोललंय आणि ती खदखदून हसतेय. पुढचे दात वेडेवाकडे. उजवा हात ते दात झाकायला वर निघालाय, पण पोचलेला नाही, हवेतच पुसट झालाय.

"हे बघ," बाबा म्हणाले. "हात पोचायच्या आत काढलाय."

मला तेव्हा कळलं. माझ्या आईचा पुढचा एक दात पुढे होता. तिला त्याची जन्माची लाज. कॅमेरा समोर आला की ती मान ताठ करून ओठ मिटून घ्यायची, थेट व्हिसाच्या फोटोसारखी, आणि नकळत हसू फुटलं की उजवा हात तोंडावर. मनगटावरचं घड्याळ आतल्या बाजूला फिरवलेलं, कारण ती महापालिकेच्या दवाखान्यात नर्स होती आणि नाडी मोजताना ते सोयीचं पडतं. हे सगळं मला माहीत होतं आणि आठ महिन्यांत एकदाही आठवलं नव्हतं. मला रडू आलं. परक्या देशात, परक्या शहराच्या फोटोंपुढे, नाक पुसायला रुमालही नव्हता, तो कोटाच्या खिशात कपाटात राहिला होता.

शेजारी एक पांढऱ्या केसांच्या डच बाई उभ्या होत्या. त्यांनी मला हळूच इंग्रजीत विचारलं, "ते या बाईला ओळखतात का?"

मी बाबांना मराठीत सांगितलं. ते म्हणाले, "म्हणावं, बाईला नाही ओळखत. हात ओळखतो."

मी जसंच्या तसं सांगितलं. बाईंनी कोपऱ्यातून घडीचं स्टूल आणलं, बाबांच्या मागे उघडून ठेवलं आणि पुढच्या फोटोकडे गेल्या. बाबा बराच वेळ तिथे बसले. फोटोतल्या त्या बाईला मात्र त्यांनी हात जोडले नाहीत.

खाली कॉफी बरी मिळते. सफरचंदाचा केक घेतलात तर दोघांत एक पुरतो. बाबांनी साखरेच्या गोळीची आठवण स्वतःच काढली आणि तरी अर्धा केक खाल्ला. मी विचारलं, "आता आठवतोय का आईचा चेहरा?"

"दात आठवला," ते म्हणाले. "हात आठवला. चेहरा अजून त्या स्टुडिओवाल्याकडेच आहे."

घरी आल्यावर वरणभात लावला आणि जेवणाआधी आम्ही दोघं सोफ्यावर माझा लॅपटॉप घेऊन बसलो. माझ्या लग्नापासूनचे सगळे फोटो काढले. बाबांना फक्त एक पाहिजे होता, आई हसतेय आणि हात अजून पोचलेला नाही असा. लग्नातले सगळे ओठ मिटलेले. महाबळेश्वरचे फोटो तिनेच काढलेले, म्हणून त्यात ती नाही. माझ्या डोहाळजेवणाचे पाहिले, चुलत भावाच्या घरभरणीचे पाहिले. कुठे कुठे ती हसताना सापडलीही, मागच्या रांगेत, स्वयंपाकघराच्या दारात, पण प्रत्येक वेळी हात आधी पोचला होता. पिट्सबर्गमधल्या कुणा अनोळखी बाईचं नशीब की तिच्या वेळी बटण दाबणारा चपळ होता. आमच्या घरात तसा कुणी निघाला नाही.

शेवटी बाबांनी घरभरणीतला एक निवडला. डोळे हसण्याने बारीक झालेले, नाकाखाली सगळा हात, मनगटावर घड्याळाचा नुसता पट्टा. रंग तिचा, सावळा. "हा मोठा करून दे," ते म्हणाले.

"बाबा, तोंडावर हात असलेला फोटो हार घालून लावणार? लोक काय म्हणतील?"

"लोकांना पैठणीवाली आवडली होती ना? तिला घेऊन जा म्हणावं."

दहा दिवसांनी मी त्यांना विमानतळावर सोडलं. मोठा केलेला फोटो त्यांनी स्वेटरमध्ये गुंडाळून हातातल्या बॅगेत ठेवला होता. तपासणीच्या रांगेत ते वळूनही न बघता गेले.

आर्नहेमला जावं का, असं कुणी विचारलं तर मी जा म्हणेन, पण आनंदासाठी जाऊ नका. पिट्सबर्गचे ते लोक मला अजून सोडत नाहीत. मी आता घरात कुणी हसलं की मोबाइल उचलते, आणि माझा नवरा वैतागतो.

परवा बाबांशी व्हिडिओवर बोलले. पैठणीवाला फोटो कुठे गेला ते मी विचारलं नाही. त्यांच्या मागे भिंतीवर नवा होता, ताज्या शेवंतीचा हार घातलेला. हाराची एक बाजू घसरून आईच्या हातावर आली होती. आत्या येऊन बरंच बोलून गेली म्हणाले. मी घाबरत विचारलं, "आता डोळे मिटल्यावर काय येतं, बाबा?"

त्यांनी तिथल्या तिथे डोळे मिटले. घड्याळाची टिकटिक इकडपर्यंत ऐकू येत होती.

"हात येतो," ते म्हणाले. "रोज बघतो, पण अजून काढत नाही ती. हातामागे आहे मात्र."