पूर्ण बाह्यांचा शर्ट

दोघा भावांच्या सलूनमध्ये दोन खुर्च्या होत्या. दाराजवळची थोरल्याची, आतली धाकट्याची. लहानपणापासून अंगाने आडवा, म्हणून सगळे याला ढोल्या म्हणत. मग गुडघे बोलायला लागले, साखर वाढली, डॉक्टरांनी दम भरला. ढोल्याने मनावर घेतलं आणि दोनेक वर्षांत निम्मा झाला. दादा प्रत्येक गिऱ्हाइकाला कौतुकाने सांगायचा, "बघा, माझा भाऊ!"

मांस गेलं, पण कातडी राहिली. दंडाखाली ती रिकाम्या अभ्र्यासारखी लोंबायला लागली. केस कापायचे म्हणजे हात सतत वर, आणि समोर आरसा. कात्री चालली की दंड हलायचे. खुर्चीतला माणूस स्वतःचे केस सोडून तेच बघत बसायचा.

"ढोल्या, उडतोस की काय आता?" एकाने विचारलं. सगळं दुकान हसलं. सवयीने ढोल्याही हसला. दुसऱ्या दिवसापासून तो भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायला लागला. कापलेले केस बाहीत शिरायचे, घामाने चिकटायचे, पण बाही वर गेली नाही.

मांड्यांची तऱ्हा आणखी वाईट. दिवसभर उभं राहून कातडीवर कातडी घासायची, सालटी निघायची. मधूनच तो मोरीत जाऊन पावडर लावून यायचा.

"अहो, कूस बदलतानाही कण्हता तुम्ही," बायको म्हणाली. "दाखवा तरी कुणाला."

प्लास्टिक सर्जन बाईंनी तपासलं. "व्यायामाने ही कातडी आवळणार नाही, कापूनच काढावी लागेल. दंड आणि मांड्या एकदम नको करूया. आधी काय करायचं?"

दुखत होत्या मांड्या. तोंडून निघालं, "दंड."

"काखेपासून कोपरापर्यंत वण राहील. कायमचा."

"चालेल."

दादाला खरं सांगायची छाती झाली नाही. हर्नियाचं ऑपरेशन आहे, असं त्याने ठोकून दिलं. दादा हॉस्पिटलात भेटायला आला, तर याचे दोन्ही हात पट्ट्यांत गुंडाळलेले.

"दंडात झाला होय हर्निया?"

बायको खिडकीबाहेर बघायला लागली. ढोल्याने सगळं सांगून टाकलं. दादा म्हणाला, "बायकी थेरं नुसती! आता लोकांना काय सांगू? कातडी शिवून आलाय म्हणून?"

घरी आल्यावर सूज उतरावी म्हणून हातांना इलास्टिकच्या घट्ट बाह्या चढवल्या. हात वर न्यायचा नाही, काही उचलायचं नाही. बायको डोकं धुऊन द्यायची, शर्टाची बटणं लावायची. उजवीकडचे दोन टाके उसवले, पाणी वाहायला लागलं, पुन्हा ड्रेसिंगच्या फेऱ्या सुरू झाल्या. दुसऱ्यांची डोकी ज्याने जन्मभर हाताळली, त्याला स्वतःच्या भांगापर्यंत हात नेता येईना.

दुकानात परतला तेव्हा अंगात अर्ध्या बाह्यांचा शर्ट होता. पहिल्याच गिऱ्हाइकाने दंडावरच्या वणाकडे बोट दाखवत विचारलं, "हे रे काय?"

ढोल्या तोंड उघडणार, तेवढ्यात दादाच बोलला, "अपघात झाला. थोडक्यात वाचला."

झालं. पुढे जो येईल तो हळहळायचा, कुणी गाडीवाल्याला शिव्या घालायचा. ढोल्या मान हलवायचा. दादाला खोटं कसं पाडणार?

एक दिवस एक जाडजूड मास्तर दाढीला बसले. वणांकडे बघत हळूच म्हणाले, "अपघातात दोन्ही हातांना सारखंच लागलं?" मग आणखी हळू, "माझंही वजन उतरतंय. कातडी लोंबायला लागलीय. कुणाला सांगवत नाही."

ढोल्याने वस्तरा खाली ठेवला. "अपघात नाही, मास्तर. ऑपरेशन करून कातडी काढली."

शेजारच्या खुर्चीवरची कात्री थांबली.

"दुखतं?"

"हात नाही दुखत आता. मांड्या दुखतात. त्या राहिल्यात."

"मग त्या कधी?"

ढोल्याने दादाकडे पाहिलं. दादा आपल्या गिऱ्हाइकाला म्हणाला, "मान खाली घ्या," आणि कात्री पुन्हा सुरू झाली.

संध्याकाळी शटर ओढताना दादाने पाठमोऱ्यानेच विचारलं, "परत किती दिवस घरी बसावं लागेल?"

"महिनाभर तरी."

"बघू."

त्या 'बघू'ला आता वर्ष होत आलं. मास्तरांचं ऑपरेशन होऊनही गेलं. ढोल्या अजून आतल्या खुर्चीमागे उभा असतो, एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकत.