आखूड पेटी

माझ्या थोरल्या भावाची शवपेटी चार बोटे आखूड झाली, एवढी गोष्ट खरी आहे. तिच्याभोवती गावाने जे रचले आहे, त्यातले बहुतेक खोटे आहे. आणि ते खोटे ठरवण्याचा अधिकार आज एकट्या माझ्याकडे आहे. ती पेटी होत असताना तिथे तो होता आणि मी होतो. तिसरे कोणी नव्हते.

शेवगावपासून काही कोसांवरच्या आमच्या गावात ख्रिस्ती वस्ती लहान. तिच्यातल्या मृतांच्या पेट्या चाळीसेक वर्षे माझ्या भावाने केल्या. तो सुतार, मी हायस्कुलातला मास्तर. अंत्यविधीला लाकूड त्याचे असे आणि शब्द माझे. विश्वासणाऱ्याला मरणाचे भय का नाही, यावर बोलायला मंडळी मलाच उभे करीत. मी उत्तम बोलत असे. आमच्या पाळकसाहेबांना हे मान्य नाही. पण त्यांच्या प्रवचनात लोक घड्याळ पाहतात, माझ्या बोलण्यात पाहत नसत.

भावाला यकृताचा कर्करोग निघाला. नगरच्या डॉक्टरांनी दोन-तीन महिने सांगितले. तो एसटीने घरी परत आला, चहा प्याला आणि माळ्यावर ठेवलेल्या कडुनिंबाच्या फळ्या खाली काढायला लागला. पाळकसाहेब सांगतात, की आम्ही दोघे भाऊ भजने गात पेटी करीत होतो. साफ खोटे. रंधा मारताना कोणी खोकले तरी माझा भाऊ चिडे. तो गाऊ कसा देईल? त्या दिवसांत आमचे बोलणे झाले ते खिळे आणि स्क्रू यांवर. पेटीला खिळे चालतील असे मी म्हणालो, तेव्हा त्याने माझ्याकडे असे पाहिले, की शाळा सुटून चाळीस वर्षे झालेला मी पुन्हा मागच्या बाकावर जाऊन बसलो.

माप घेण्याची त्याची एक रीत होती. मृताच्या अंगावरची चादर तो कधी काढीत नसे. चादरीवरूनच टाळू आणि टाचा चाचपी, सुतळी लावी, दोन्ही टोकांना दोन-दोन बोटे सोडून गाठ मारी. "मेलेल्या मानसाला उघडं करून मोजायचं न्हाई," असे म्हणे. आता स्वतःचे माप त्याला स्वतःला घेता येईना. आमची उंची सारखी होती.

"मास्तर, आडवा हो जरा."

"उभ्यानेच घे की."

"उभा मानूस आनि आडवा मानूस, दोगांचं माप येक नसतंय. मला शिकवू नगंस."

मी त्याच्या सुतारकामाच्या शेडमधल्या जमिनीवर, भुशात, उताणा निजलो. त्याने डोक्यापासून पायापर्यंत चादर ओढली. जित्या माणसासाठी त्याने आपली रीत मोडली नाही.

त्या चादरीखाली काय झाले, ते मी वर्षभर कोणाला सांगितले नाही. उजेड पांढरा आणि मेलेला होता. कडुनिंबाचा कडू वास नाकात बसला. माझा श्वास माझ्याच तोंडावर परत येत होता. भावाचा हात टाळूवर आला. या हाताने आमच्या आईची टाळू अशीच चाचपली होती, माझ्या बायकोची चाचपली होती. मी मेंढपाळाचे स्तोत्र मनात म्हणू लागलो. शेकडो कबरींपुढे म्हटलेले ते स्तोत्र मला दुसऱ्या ओळीपलीकडे आठवेना. माझे गुडघे आपोआप एका कुशीला वळले आणि पाय आखडले. त्याने चादरीवरून टाचा चाचपल्या, गाठ मारली. त्याचे डोळे आजाराने पिवळे पडले होते, नजर मंदावली होती. त्याला ते दिसले नाही.

पेटी जोडून झाली त्या दुपारी तो माझा हात धरून तिच्यात उतरला आणि आडवा झाला. टाचा फळीला अडल्या. त्याने मान वर करून आपल्या पायांकडे पाहिले, मग माझ्याकडे. मी भिंतीवरच्या करवतीकडे पाहत राहिलो.

"पाय आखडलेस व्हय रे?"

मी म्हणालो, "नवी फळी आणू."

"आता करवत धरायचं बळ न्हाई मला. राहू दे. लहानपनी आपुन येका गोधडीत निजायचो, तवा सगळी गोधडी तू वढायचास आनि पाय मी आखडायचो. सवय हाय मला. शेवटच्या दिवशी हाक आली की उठायचंच हाय."

"दादा, तुला भीती नाही वाटत?"

"कुनाची? ज्याच्याकडं जायाचं, तो बी सुतारच की." मग, पेटीतून न उठता, "तू भ्यालास का?"

"नाही," मी म्हणालो.

त्याने उठवायला हात पुढे केला.

तो हसत गेला, असे सांगणाऱ्यांनाही मी सांगतो: तो हसत गेला नाही. पोट फुगले होते, अन्न ठरत नव्हते, शेवटचे चार दिवस तो वेदनेने ओरडत होता. ओरडणे वेगळे आणि भिणे वेगळे. दुखणे थोडे ओसरले की तो सुनेला विचारी, पेटीवर पाणी तर पडत नाही ना. जाणाऱ्या माणसाने आपल्या बिछान्याची करावी तेवढीच ती चौकशी होती.

पेटीत ठेवताना त्याचे गुडघे वळवावे लागले. वस्तीने ते पाहिले. कबरीवर माती लोटता लोटता आमचा एक चुलतभाऊ मोठ्याने म्हणाला, "चाळीस वरसं मापं घेतली, पन सोताच्या टायमाला हात थरथरलाच. मरनाला कोन भीत न्हाई?" माणसे हळू हसली. माझ्या हातात फावडे होते. मी माती लोटत राहिलो. त्याचा हात थरथरला नाही हे सांगायचे, तर थरथरले कोण तेही सांगावे लागले असते.

वर्षभर ते बोलणे वस्तीत फिरले. प्रत्येक वेळी ऐकले आणि प्रत्येक वेळी गप्प बसलो. मी इतरांना खोटे म्हणतो. पण या सगळ्यांत मोठे खोटे माझे, आणि ते मी एक शब्द न बोलता सांगितले.

मागच्या रविवारी त्याच्या स्मरणाची उपासना झाली. पाळकसाहेब भजनांच्या गोष्टीपाशी आले तेव्हा मी उभा राहिलो.

"आम्ही गात नव्हतो," मी म्हणालो.

भावाचा मुलगा, माझा पुतण्या, खालून कोट ओढू लागला. "काका, बसा. परत्येक ठिकानी भांडायचं का?"

"बसणार नाही. पेटीचे माप माझ्या अंगावर घेतले. चादर तोंडावर आली आणि मी भ्यालो. पाय मी आखडले. त्याचा हात थरथरला नाही. त्याला चूक कळली होती, आणि तरी तो त्याच पेटीत जाऊन निजला."

चुलतभाऊ खाली पाहत चपला शोधू लागला. पाळकसाहेबांनी गीताचा क्रमांक सांगितला.

उपासना सुटल्यावर पुतण्याला घेऊन मी शेडमध्ये गेलो. भावाची सुतळी खुंटीवर तशीच होती, गाठीसकट. भुसा केव्हाच झाडलेला. मी जमिनीवर निजलो आणि चादर घ्यायला सांगितली.

"काका, कशाला हे? तुमाला काय झालंय?"

"अजून काही नाही. माप घे."

त्याने चादर ओढली. तोच पांढरा उजेड. मी स्तोत्र म्हणू लागलो. त्याने टाचा चाचपल्या.

"आखडलेत, काका."

"मग पुन्हा घे."

दुसऱ्यांदाही त्याने तेच सांगितले. तिसऱ्या वेळी मी स्तोत्राच्या शेवटापर्यंत गेलो, आणि तो काही न बोलता गाठ मारीत असल्याचे मला सुतळीच्या ताणावरून कळले.