जाडी ताईला मी जे म्हणालो

फोनवर पत्ता सांगताना ताई म्हणायच्या, "हुडकेश्वरात शेवटच्या स्टॉपवर उतरा अन् कोणालेही विचारा, जाडी ताई कुठं राहते. समुपदेशक म्हणून विचाराल तर अर्धा तास फिरत राहाल." पहिल्यांदा गेलो तेव्हा तो शब्द माझ्या तोंडून निघेना. किराणा दुकानदाराला मी नुसतं 'त्या ताई' म्हटलं. "कोणत्या, जाडी ताई?" पुडी बांधता बांधता तो सहज बोलला आणि मान माझी खाली गेली. शाळेत असल्यापासून तो शब्द कुठंही ऐकू आला की मला वाटायचं, माझ्यासाठीच आहे.

मी हायस्कुलात चित्रकला शिकवतो. त्या वेळी पन्नाशीला टेकलो होतो. स्टाफरूममध्ये कुणाचा वाढदिवस असला की समोसे यायचे आणि मी म्हणायचो, खाऊन आलोय. लग्नाला जायचो तेही घरून जेवून. मग दुपारी शाळेतून परतल्यावर, बायको यायच्या आत, स्वयंपाकघरात उभ्याउभ्या डबे रिकामे करायचो. हे बायकोच्या लक्षात आलं, आणि ताईंचा नंबर तिनंच कुठून तरी मिळवला.

ताईंच्या खोलीतल्या लाकडी खुर्च्यांना हात नव्हते. सुताराला बोलावून त्यांनी ते कापून घेतले होते; कापल्या जागी पॉलिशचा रंग वेगळा दिसायचा. "हातामंधी माणूस अडकते," त्या म्हणाल्या, "मग सारं ध्यान उठताना कसं होईन याच्यातच राहते. बसा जी सर, ऐसपैस बसा." परक्या ठिकाणी मी नेहमी उभाच राहायचो. त्या दिवशी बसलो आणि पहिलाच प्रश्न विचारला, "ताई, वजन कमी होईल ना?"

"ते मले नाही माहीत. होईन, नाही होईन. वजनाचं दुकान दुसरीकडं आहे जी, माझ्याकडं लाजेचं काम होते."

त्यांच्याकडं एक नेम होता. जाड हा शब्द कुजबुजत म्हणायचा नाही. "उंच माणसाले उंच म्हटलं तर तो रडते काय? मंग?" त्या स्वतःही चांगल्याच जाड होत्या, आणि नऊवारीच्या थाटात नेसलेली साधी सुती साडी सावरत त्या खोलीभर वावरायच्या तेव्हा आपण कमी जागा घ्यावी असं त्यांना कधी वाटलंच नसेल असं वाटायचं. मी एकदा तसं म्हणालो. त्या हसल्या. "लहानपणी आमच्या काटोलच्या घरी फोटो काढायचा असला की मले मागं उभं करत. मी चाळीस वर्षांची झाल्यावर पुढं आले."

तिसऱ्या महिन्यात त्या मला सकाळी तर्री-पोह्यांच्या गाड्यावर घेऊन गेल्या. भर गर्दीत. मला घाम फुटला. त्यांनी तीन प्लेटा सांगितल्या. बाजूला कॉलेजची पोरं उभी होती. त्यातला एक मुद्दाम मोठ्यानं म्हणाला, "अबे पाह्य बे, गाडा कलंडते आज."

ताईंनी त्याच्याकडं वळून शांतपणे पाहिलं. "कलंडला तर तुह्याच अंगावर पडीन गा, जरा सरकून उभा राह्य. अन् भाऊ, दोन प्लेटा माह्या, एक सरांची. तर्री सढळ हातानं टाका." पोरं हसली, पण आमच्याकडं बघून नाही, त्या पोराकडं बघून. मी खाल्लं. बाहेर, माणसांत, उजेडात. डोळ्यांतून पाणी आलं ते तर्रीमुळं, असं मी म्हणालो आणि त्यांनी ते ऐकून घेतलं.

पण त्यांचं खरं काम दवाखान्यात दिसायचं. जाड माणूस काहीही दुखणं घेऊन गेला तरी त्याला 'आधी वजन कमी करा' एवढं सांगून परत पाठवतात, याची त्यांना फार चीड होती. अशा माणसासोबत त्या स्वतः जायच्या. पुढं पुढं मलाही नेऊ लागल्या, मी थोडा धीट झालो होतो म्हणून. जरीपटक्याची एक बाई सहा महिने पोटदुखीनं हैराण होती. डॉक्टर म्हणाले, चालायला जात जा. ताईंनी खुर्ची पुढं ओढली. "डॉक्टरसाहेब, हिच्या जागी एखादी बारीक बाई असती तं कोणती तपासणी लिहिली असती? तीच लिहा." डॉक्टर चिडले, पण त्यांनी लिहिली. पित्ताशयात खडे निघाले. परतताना ताई रिक्षात मला म्हणाल्या, "हे ध्यानात ठेवा सर. जीव जाते अशानं."

ध्यानात ठेवलं होतं. म्हणूनच पुढचं सांगणं कठीण आहे.

दोन वर्षांत माझं चोरून खाणं सुटलं, आणि वेगळं काही न करता माझं वजन अकरा किलोंनी उतरलं. ताईंनी त्याचा कधी उल्लेख केला नाही. लोकांनी केला. शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळे म्हणाले, सर, छान दिसता. मला ते आवडलं. फार आवडलं. पँट नव्यानं शिवून घेतल्या. आणि रस्त्यात कुणी जाड माणूस दिसला की मनात यायचं, जमतं की, ठरवलं तर. हे मी ताईंना सांगितलं नाही. सगळं सांगायचो, एवढंच नाही.

त्याच सुमारास आम्ही त्यांना जेवायला बोलावलं. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर. पहिल्या मजल्याच्या वळणावर त्या कठडा धरून थांबल्या. चेहरा घामेजला होता. "सर, भलता दम लागून राहिला. चार दिवसांपासून हा डावा खांदाही भरून येते. काहून होत असंन?"

मी दोन पायऱ्या वर उभा होतो, नव्या पँटमध्ये. म्हणालो, "ताई, आता थोडं वजन कमी करायला पाहिजे तुम्ही."

त्यांनी वर पाहिलं. रागानं नाही. वर्गात आपण नीट शिकवलेलं हुशार पोर परीक्षेत चुकलं की जसं पाहतो, तसं. "हो जी," म्हणाल्या, आणि चढू लागल्या. त्याच क्षणी मला कळलं होतं. मी खाली उतरून रिक्षा बोलवायला हवी होती. पण बोललेलं परत घेण्याची लाज वाटली. जेवताना ताईंनी पोळी दोनदा नको म्हटली. कुणासमोर अन्न नको म्हणताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं.

सहाव्या दिवशी त्या गेल्या. हृदयविकार, डॉक्टर म्हणाले. अंगणात जमलेले लोक मात्र म्हणत होते, "वजनच तेवढं होतं ना." काटोलहून त्यांचा धाकटा भाऊ आला होता. त्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, "सर, तुमच्याकडं जेवाले आली होती म्हणे ताई. काही त्रास होते असं बोलली काय?"

मी म्हणालो, "नाही."

हा 'नाही' मी वर्षभर बाळगला. बायकोलाही कळू दिलं नाही. शेवटी मागच्या महिन्यात बसनं काटोलला गेलो. भाऊ संत्र्याच्या बागेतून नुकताच आला होता, हातपाय धुवायचे होते. मी चहासुद्धा येऊ दिला नाही. जिन्यावरचं सगळं सांगितलं, त्यांचा खांदा, माझं वाक्य, मग अंगणातलं खोटं. वाटलं होतं हाकलून देईल. हाकललं असतं तर बरं झालं असतं.

तो बराच वेळ हातांवरची माती नखानं काढत बसला. मग म्हणाला, "ती गेली त्याच्या आदल्या दिवशी फोन आला होता तिचा. दम लागते म्हणे. म्या म्हटलं दवाखान्यात जा. तं म्हणे, राहू दे गा, तिथंही तेच सांगतीन. म्या म्हटलं..." त्यानं नखातली माती झटकली. "म्या म्हटलं, खरंच आहे ताई, वजन कमी कर तं थोडं."

त्याच्या बायकोनं पाणी आणून ठेवलं. आम्हा दोघांपैकी कुणी ते घेतलं नाही. मला हलकं वाटायला हवं होतं कदाचित. वाटलं नाही. त्या आठवड्यात ताईंनी दोनच माणसांना आपलं दुखणं सांगितलं होतं, दोघांचा त्यांच्यावर जीव होता, आणि दोघांपैकी एकानंही विचारलं नाही की ताई, कुठं दुखतं, दाखवा.